एम्युलेटरवर धावलं, फोनवर कोसळलं : सुरुवातीच्या स्मार्टफोनांवरची ॲप्स

जुनाखोड

परवा कपाट आवरताना जुना एस६० (सिंबियन या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा, नोकियाच्या घराण्यातला) फोन सापडला. अर्धा तास चार्जिंगला लावल्यावर गडी चक्क उठून बसला. मेनूच्या शेवटच्या रांगेत माझंच ॲप, टिपणवही. २००७ सालचं. उघडलं तर तेव्हाची टिपणं जशीच्या तशी.

हा पराक्रम ऑफिसातल्या एका नव्या मुलीला दाखवला, तर तिने ॲपकडे ढुंकूनही न बघता कोड मागितला. दोन मिनिटं वाचून पहिला प्रश्न : "तुमच्या निम्म्या फंक्शनांच्या नावाच्या शेवटी एल का लावलाय?" सांगायला बसलो, पाऊण तास गेला आणि उत्तर अर्धवटच राहिलं. म्हणून हा धागा.

एल म्हणजे लीव्ह. सिंबियनचं मूळ सायॉन कंपनीच्या ईपॉक या हातउपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. १९९८ साली सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन कंपनी काढली, पण कोडची घडण त्याआधीची. त्या काळी कंपायलरांमधल्या सी++ एक्सेप्शनांचा (चूक झाली की वर कळवायची भाषेतली सोय) भरवसा नव्हता, आणि त्यांनी कोड फुगायचा तो वेगळाच. मग या लोकांनी आपली वेगळी सोय केली. मेमरी मिळाली नाही, फाइल उघडली नाही, की फंक्शन 'लीव्ह' करतं, म्हणजे हातातलं काम तिथेच टाकून थेट वरच्या ट्रॅपपर्यंत, म्हणजे चूक झेलायला ठेवलेल्या जागेपर्यंत, उडी मारतं. या उडीत वाटेतले डिस्ट्रक्टर, म्हणजे वस्तू मोडताना आवराआवर करणारी फंक्शनं, चालत नसत. तुम्ही नुकत्याच मागून घेतलेल्या मेमरीचा पत्ता ज्या पॉइंटरमध्ये होता तो पॉइंटर गेला, मेमरी तशीच अडकून पडली. म्हणून मागितलेली प्रत्येक वस्तू आधी क्लीनअप स्टॅकवर, म्हणजे लीव्ह झालं तर आपोआप मोकळ्या करायच्या वस्तूंच्या यादीत, ठेवायची, काम झालं की काढायची. हे फंक्शन लीव्ह करू शकतं हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून नावामागे एल. नावात एलसी असेल तर वस्तू क्लीनअप स्टॅकवर ठेवून परत आलोय असं समजायचं. कंपायलर यातलं काहीच तपासत नसे, सगळा मामला माणसांच्या शिस्तीवर.

एवढा सोवळेपणा कशाला? फोन महिनोन्‌महिने बंद होत नाही. पीसीवरचा प्रोग्रॅम शंभर बाइट सांडून गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. फोनवर तेच रोज सांडले तर एक दिवस फोन घ्यायला मेमरी उरत नाही. एम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर चालणाऱ्या नकली फोनवर, ॲप बंद करताना हिशोब जुळला नाही की ॲलॉक नावाचा पॅनिक (सिस्टिमने ॲप मारल्याची खूण) तोंडावर यायचा. सुरुवातीचे दोन महिने माझं तेवढंच काम होतं.

आणि इतकं सगळं सांभाळून, हिशोब चोख जुळवून, ॲप पहिल्यांदा फोनवर चढवलं. उघडलं. पडदा पांढरा झाला आणि ॲप गायब. ना संदेश, ना काही. फोनवर 'एररडी' नावाची रिकामी फाइल रिसोर्स फोल्डरात ठेवली की पॅनिकचा कोड पडद्यावर येतो, हे कळायला आणखी एक दिवस. तेव्हा दिसलं : कर्न-एक्झेक ३. म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या पत्त्यावर हात घातला.

कारण? एका फंक्शनात मी १०२४ अक्षरांचे चार टीबफ (मजकूर ठेवायचे डबे) सहज म्हणून जाहीर केले होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येकी २ केबीच्या वर. चार म्हणजे ८ केबीच्या वर. आणि सिंबियनवर प्रोग्रॅमला न मागता मिळणारा अख्खा स्टॅकच (चालू फंक्शनांची व्हेरिएबलं ठेवायची जागा) ८ केबीचा! एम्युलेटर हा खरं तर विंडोजचा प्रोग्रॅम, माझा कोड त्यात पीसीच्या प्रोसेसरसाठी कंपाइल होऊन चालायचा आणि स्टॅक विंडोजचा ऐसपैस. तिथे कळणार कसं?

तर मंडळी, तुमचं काय? एम्युलेटरवर ठणठणीत आणि फोनवर गार, असं तुमचं ॲप कशामुळे झालं? प्लॅटफॉर्म कुठलाही चालेल, साधारण २०१० पर्यंतचा.


काठावरपास

जुनाखोडकाका, एररडी! किती वर्षांनी हे नाव वाचलं. माझ्याकडे एक वही होती, पॅनिक क्रमांक आणि त्यापुढे आपण काय माती खाल्ली असेल त्याची नोंद. युझर ११ म्हणजे बफरमध्ये मावेना इतकं कोंबलं. सीबेस ४६ म्हणजे ॲक्टिव्ह ऑब्जेक्टला (ॲप न अडवता पाळीपाळीने कामं करायची सिंबियनची सोय) सेटॲक्टिव्ह म्हणायला विसरलो. व्ह्यूसर्व्ह ११ म्हणजे ॲप इतका वेळ अडून राहिलं की व्ह्यू सर्व्हरचा धीर सुटला.

हा शेवटचा माझा खास दोस्त. एम्युलेटरवर फाइल वाचायला क्षणभर, कारण खाली पीसीची डिस्क. फोनच्या मेमरी कार्डावर तीच फाइल वाचताना दहा-बारा सेकंद ॲप गप्प, आणि मग एकदम नाहीसं. काम छोटे तुकडे करून ॲक्टिव्ह ऑब्जेक्टमधून करायला हवं होतं. पुस्तकात वाचलं होतं, फोनने शिकवलं.


तिसरीघंटा

मी जे२एमईवाली, म्हणजे लहान फोनांसाठीची जावा लिहिणारी. आमच्याकडे एम्युलेटर खोटं बोलायचा नाही, पण तो ज्या फोनबद्दल बोलायचा तो फोन जगात अस्तित्वातच नसायचा. सनच्या वायरलेस टूलकिटमध्ये एक काल्पनिक हँडसेट होता. त्याच्यावर सगळं छान.

बाहेर खऱ्या जगात प्रत्येक कंपनीच्या कळा वेगळ्या. पडद्याखालच्या डाव्या-उजव्या सॉफ्ट कीला एमआयडीपीत (फोनवरच्या जावाच्या नियमांत) प्रमाणित कोडच नव्हता. नोकियावर उणे ६ आणि उणे ७. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनांवर उणे २१, उणे २२, आणि काहींवर तेच आकडे अधिक चिन्हाचे. सीमेन्सवर उणे १ आणि उणे ४. आता गंमत बघा, उणे १ हा नोकियावर 'वर' जाण्याचा बाण. म्हणजे एका फोनवर मेनू उघडणारी कळ दुसऱ्यावर गाडी पुढे ढकलायची.

त्यात आकाराची मर्यादा. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० या साध्या फोनांवर जार फाइल, म्हणजे ॲपचं अख्खं गाठोडं, ६४ केबीच्या आत हवी. चित्रं, आवाज, कोड, सगळं धरून. मग सुरू व्हायची कंजुषी. प्रत्येक पीएनजी फाइलला स्वतःचं हेडर असतं, म्हणून वीस चित्रं एकाच लांबलचक चित्रात शेजारी शेजारी चिकटवायची आणि दाखवताना हवा तेवढाच तुकडा कापायचा. प्रत्येक क्लास म्हणजे वेगळी फाइल, म्हणजे पुन्हा जास्तीचं वजन. म्हणून चार क्लासांचा एक क्लास. ऑब्जेक्ट ओरिएंटेड वगैरे विसरा, आमच्या एका खेळाचे शेवटी तीन क्लास होते आणि त्यातला एक साडेचार हजार ओळींचा. शेवटी प्रोगार्डमधून काढायचं. तो न वापरलेला कोड उडवायचा आणि नावांचं ए, बी, सी करून टाकायचा. ते नावं लपवायचं साधन म्हणून प्रसिद्ध, आम्ही मात्र वजन उतरवायला वापरायचो.

पहिल्या सीएलडीसीत (फोनवरच्या जावाचा गाभा) दशांश अपूर्णांक नव्हतेच हेही आजच्यांना सांगून पटत नाही. फ्लोट हा शब्द लिहिला की बिल्ड अडलं. चेंडूचा वेग २.५ हवा तर सगळे आकडे २५६ ने गुणून पूर्णांकात ठेवायचे आणि दाखवताना आठ बिट उजवीकडे सरकवायचे. सीएलडीसी १.१ मध्ये फ्लोट आले, पण जुने फोन लोकांच्या खिशात होतेच, म्हणून आम्ही बरीच वर्षं २५६ च्या पाढ्यावरच.

तर एकच खेळ, आणि त्याची चाळीसेक बिल्डं, फोनागणिक वेगळी. कोडमध्ये जागोजागी प्रीप्रोसेसरच्या खुणा, हा पडदा असेल तर हे, त्या कंपनीचा असेल तर ते. जावाला प्रीप्रोसेसर नसतो असं कॉलेजात शिकलो होतो. आम्ही तो बाहेरून बसवला.


नियमावर_बोट

धाग्याचं नाव सुरुवातीचे स्मार्टफोन. सिरीज ४० हा स्मार्टफोन नव्हे. तिसरीघंटाताईंचा प्रतिसाद उत्तम आहे पण अवांतर.


तिसरीघंटा

@नियमावर_बोट, तीच जार तुमच्या स्मार्ट एस६० वरही चालायची. म्हणजे चालवावी लागायची. चाळीसांतली डझनभर बिल्डं त्यांच्यासाठीच होती. :)


बिनतारी

अवांतर नाही, उलट मुद्द्याला धरून आहे. एम्युलेटर दोघांनाही सारखाच फसवायचा, नेटवर्कच्या बाबतीत.

एम्युलेटरचं नेटवर्क म्हणजे पीसीचं नेटवर्क. विनंती गेली, उत्तर आलं. फोनवर जीपीआरएस, म्हणजे तेव्हाचं संथ मोबाइल इंटरनेट. आधी कुठला ॲक्सेस पॉइंट म्हणून विचारणार. मग जोडणीला काही सेकंद. एकेका फेरीला सेकंदाच्या आसपास. आमच्या हवामानाच्या ॲपमध्ये एका पडद्यासाठी सात लहान लहान विनंत्या होत्या, एम्युलेटरवर डोळ्याची पापणी लवायच्या आत. फोनवर माणूस वाट बघून फोन खिशात ठेवायचा.

आणि खरा घाव पुढे. त्या वेळचे बहुतेक फोन जीपीआरएसच्या 'ब' वर्गातले. म्हणजे बोलणं आणि डेटा दोन्ही येतं, पण एका वेळी एकच. मध्येच फोन आला की डेटा थिजतो. तुटत नाही, थिजतो. सॉकेट उघडा, त्रुटी नाही, बाइट नाहीत. आमचं ॲप सहा मिनिटं 'माहिती येत आहे' म्हणत उभं होतं, कारण कुणीतरी घरी बोलत होतं. वेळमर्यादा घालायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. पीसीला कोण फोन करतो?


शाईपेन

पाम या हातसंगणकाबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मीच.

एम्युलेटरच्या बाबतीत मात्र आम्ही भाग्यवान. पामचा एम्युलेटर खऱ्या उपकरणाचा रॉम (त्यात भरलेली सिस्टिम) घेऊन मोटोरोला ६८००० घराण्याचा प्रोसेसर खराखुरा नकलायचा. शिवाय शिस्तीला कडक. दुसऱ्याच्या मेमरीत डोकावलात, सिस्टिमच्या गोष्टीला परस्पर हात लावलात, की लगेच रागावणार. फोनवर जे निभावून गेलं असतं तेही तो पकडायचा. म्हणजे धाग्याच्या बरोबर उलट!

त्यात ग्रेमलिन्स नावाचं एक प्रकरण होतं. सोडून दिलं की ॲपवर वाट्टेल तिथे टिचक्या, वाट्टेल ती अक्षरं, हजारो घटनांचा मारा. क्रमांक दिला की तोच मारा पुन्हा त्याच क्रमाने, म्हणजे बग परत घडवून बघता यायचा. रात्री लावून जायचं, सकाळी येऊन बघायचं कितव्या घटनेला मेलं. पुढे अँड्रॉइडने मंकी आणलं तेव्हा जुने पामवाले गालातल्या गालात हसले.

पण आमचा सापळा दुसरीकडे होता. पाममध्ये ॲप उघडतं तेव्हाच पायलटमेन, म्हणजे त्याचं मुख्य फंक्शन, चालतं असं नाही. वापरणाऱ्याने 'शोधा' दाबलं की सिस्टिम एकेका ॲपला हाक मारते, बाबा तुझ्यात हा शब्द आहे का बघ. तीही पायलटमेनमधूनच, फक्त लाँच कोड वेगळा. आणि अशा हाकेच्या वेळी तुमची ग्लोबल व्हेरिएबलं अस्तित्वातच नसतात. माझ्या पत्त्यांच्या ॲपने मजेत एका ग्लोबल मोजणीत एक मिळवला. ॲप उघडलेलंही नव्हतं, आणि माणसाने भलतंच काहीतरी शोधलं म्हणून उपकरण रीसेट. एम्युलेटरवर मी 'शोधा' कधी दाबलंच नव्हतं. ग्रेमलिन्सनाही मी माझ्याच ॲपपुरतं बांधून ठेवलं होतं.

तरी पामचं एक अजून आवडतं. सेव्ह नावाचं बटणच नाही. फाइलसिस्टिम नाही, सगळं मेमरीतल्या रेकॉर्डांत. लिहिलं की राहिलं. जेफ हॉकिन्स पहिलं उपकरण बनण्याआधी लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचे आणि त्यावर लिहिल्याचं सोंग करायचे, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेल. १६० बाय १६० च्या पडद्यावर काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही याच्यावर आमच्या बैठका चालायच्या.


खिडकीवाला

पाममध्ये लिहिलं की राहिलं, हे बॅटरी असेपर्यंत, शाईपेनताई. :) आमच्या पॉकेट पीसीचंही, म्हणजे विंडोजवाल्या हातसंगणकाचंही, तेच. विंडोज मोबाइल ५ येईपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, साठवणीची जागाही रॅममध्येच. बॅटरी पूर्ण उतरली की ॲप, डेटा, सगळं स्वाहा, फोन कारखान्यातून आल्यासारखा कोरा.

विंडोज मोबाइलच्या पोटातल्या विंडोज सीईत प्रत्येक प्रोग्रॅमला ३२ एमबीचा पत्त्यांचा कप्पा आणि एकूण ३२ कप्पे, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३२ प्रोग्रॅम. फोनवर रॅम शिल्लक दिसतेय तरी माझी डीएलएल (प्रोग्रॅमला जोडायच्या कोडची वेगळी फाइल) लोड होईना. का? इतर प्रोग्रॅमांनी लोड केलेल्या डीएलएल कप्प्याच्या वरच्या टोकाकडून जागा अडवत खाली येतात, आणि ती जागा माझ्याही कप्प्यात अडलेली धरली जाते. म्हणजे शेजाऱ्याने सामान वाढवलं की माझी खोली लहान. एम्युलेटरवर फोनच्या निर्मात्याने घातलेली जादा ॲप्स नसतात, तिथे खोली मोठीच.

आणि कोपऱ्यातली ती फुली! ती दाबली की ॲप बंद होत नाही, नुसतं मागे जातं. वापरणाऱ्याला वाटतं बंद केलं. आम्हालाही तसंच वाटत होतं.


अर्धाकच्चा

हे सगळं वाचायला भारी आहे, पण एक बोलू का? तुम्ही सगळे त्रासाचं कौतुक करताय. मी २००९ ला शिकायला सुरुवात केली. सिंबियनचं पुस्तक उघडलं. 'नमस्कार जग' दाखवायला चार क्लास : ॲप्लिकेशन, डॉक्युमेंट, ॲपयूआय, व्ह्यू. वर बीएलडी डॉट इन्फ, एमएमपी, पीकेजी, रिसोर्स फाइल. अक्षरांची एक माळ ठेवायला टीबफ, टीपीटीआरसी, एचबफसी आणि अजून डझनभर भावंडं. पुस्तक मिटलं, अँड्रॉइड उघडलं, संध्याकाळपर्यंत यादी स्क्रोल होत होती. लोक सिंबियन सोडून गेले ते उगाच नाही.


जुनाखोड

अर्धाकच्चा, तुझं म्हणणं मला निम्मं मान्य आहे, आणि निम्म्यावर भांडेन.

डिस्क्रिप्टर, म्हणजे तू मोजलेली टीबफ आणि भावंडं, हा छळ होता, वादच नाही. पण तो का होता हे बघ. सी मधली अक्षरांची माळ शून्य येईपर्यंत चालते. जागा संपली तरी चालतच राहते, आणि शेजारची मेमरी खराब करते. डिस्क्रिप्टरला स्वतःची लांबी आणि कमाल लांबी ठाऊक असते. जास्त कोंबलंत तर तो तिथेच पॅनिक करून ॲप मारतो. काठावरपासच्या वहीतला युझर ११ तो हाच. चिडचिड व्हायची, पण बिघाड जिथे केला तिथेच दिसायचा, तीन दिवसांनी भलत्या ठिकाणी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ज्या टंचाईसाठी हे सगळं बेतलं होतं ती २००६ च्या सुमारास सरली होती. नोकिया ७६५० हा २००२ चा पहिला एस६०, त्यात साधारण ४ एमबीच जागा. एन९५ येईपर्यंत चित्र पूर्ण बदललं होतं, पण आपण लिहीत होतो ते १९९० च्या दशकातल्या हातउपकरणासाठीच. सोपे दरवाजे उघडले, पायथन आलं, ओपन सी आलं, नंतर क्यूटी. पण दरवाजे उघडले तेव्हा पाहुणे दुसरीकडे जेवायला बसले होते.

आणि २००५-०६ च्या सुमारास सिंबियन ९ ने जो घाव घातला तो कोडचा नव्हताच, परवानगीचा होता. जुनी बायनरी एकही चालेना, सगळं नव्याने कंपाइल. त्यावर केपेबिलिटी. नेटवर्क वापरायचंय, वापरणाऱ्याचे संपर्क वाचायचेत, दुसऱ्या ॲपला कळ दाबल्याचं भासवायचंय, प्रत्येकाला वेगळी परवानगी. काही परवानग्या वापरणाऱ्याला विचारून मिळायच्या, काहींना सही लागायची, आणि ऑलफाइल्स किंवा टीसीबी या सगळ्यांत वरच्या परवानग्या असल्या तर थेट फोन बनवणाऱ्याचाच आशीर्वाद. स्वतःच्याच फोनवर चाचणी करायला आयएमईआय क्रमांक देऊन डेव्हलपर सर्टिफिकेट घ्यायचं, आणि ते फक्त त्याच फोनवर चालणार.

मजा म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. आज प्रत्येक फोन 'या ॲपला संपर्क वाचू द्यायचे का' विचारतो, ती हीच केपेबिलिटी, फक्त प्रश्न माणसाच्या भाषेत आला.

आमचं टिपणवही सहीसाठी तपासणीला पाठवलं तेव्हा परत आलं. कारण वाचून लाज वाटली. चालू ॲपांच्या यादीतून ते बंद केलं की बंदच होत नव्हतं. सिस्टिम 'आवर' म्हणून सांगते तो संदेश आम्ही ऐकतच नव्हतो. एम्युलेटरवर आम्ही नेहमी मेनूतल्या 'बाहेर'नेच बाहेर पडायचो, सभ्य माणसांसारखे.


मोठंअक्षर

आयफोनवाल्यांचाही एक नमुना घ्या. आमच्याकडे एम्युलेटर नाही, सिम्युलेटर. नावातच प्रामाणिकपणा.

तरुण मंडळींना ठाऊक नसेल, २००७ साली आयफोन आला तेव्हा बाहेरच्यांना ॲप लिहायची सोयच नव्हती. वेबपानं करा म्हणाले. एसडीके, म्हणजे ॲप लिहायची साधनं, मार्च २००८ ला, आणि ॲप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं, ५०० ॲप्स घेऊन. त्यातही गुप्ततेचा करार. एसडीकेबद्दल चारचौघांत बोलायची बंदी, ती ऑक्टोबर २००८ ला उठली. तोवर अडलात तर असा धागा काढून विचारायचीही सोय नाही.

माझा किस्सा छोटा आहे. सिम्युलेटरवर सगळी बटणं दिसतायत, फोनवर एक बटण अदृश्य. जागा आहे, दाबलं की काम होतं, चित्र नाही. दोन दिवस पडदा काढण्याचा कोड उलटापालटा केला. फाइलचं नाव मोठ्या बी ने, कोडमध्ये लहान बी. मॅकच्या फाइलसिस्टिमला मोठं-लहान सारखंच, फोनच्या फाइलसिस्टिमला नाही. म्हणून माझं इथलं नाव.


शाईपेन

हाहाहा, नावाचा उलगडा झाला एकदाचा.


मोठंअक्षर

दुसरा किस्सा मेमरीचा. मॅकवर तेव्हा ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेला गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी आपोआप उचलणं) आलं होतं, आयफोनवर नाही. वस्तू धरली की रिटेन, सोडली की रिलीज, हे हाताने मोजा. आपोआप मोजणारं एआरसी २०११ ला आलं. पहिल्या आयफोनात १२८ एमबी रॅम, त्यातली बरीच सिस्टिमचीच, आणि स्वॅप, म्हणजे जास्तीची मेमरी डिस्कवर टाकायची सोय, नाही. मेमरी कमी पडली की ॲपला इशारा येतो, ऐकलं नाही तर ॲप मारलं जातं. सिम्युलेटरला मॅकची सगळी मेमरी मोकळी, तिथे इशारा यायचा तो मेनूतून मुद्दाम पाठवला तरच.

मी तो एकदाही पाठवला नव्हता. फोनवर इशारा आला, पडद्यामागचा व्ह्यू सिस्टिमने सोडून दिला, आणि माझ्या व्हेरिएबलमध्ये त्याच्यातल्या मेलेल्या लेबलचा पत्ता तसाच. त्याच्यावर मजकूर लिहायला गेलो आणि ईएक्ससी-बॅड-ॲक्सेस, म्हणजे नको त्या पत्त्यावर हात. झॉम्बी चालू केल्यावर सापडलं. त्यात मेलेल्या वस्तू खरोखर सोडत नाहीत, भूत करून ठेवतात, आणि कुणी त्यांना हाक मारली की भूत नाव सांगतं. डीबगिंगमधलं इतकं चपखल नाव दुसरं नाही.


आडवाउभा

अँड्रॉइडच्या वतीने मी. अर्धाकच्चाची संध्याकाळपर्यंत यादी स्क्रोल होत होती, पण ती कुठे, हे त्याने सांगितलं नाही. :)

जी१ या पहिल्या अँड्रॉइड फोनवर, २००८ साल, एका ॲपला १६ एमबीचा हीप, म्हणजे वापरायची मेमरी. ॲप चालवणाऱ्या डाल्विकला जेआयटी (चालता चालता कोड प्रोसेसरच्या भाषेत करून वेग वाढवणं) नाही, तो अँड्रॉइड २.२ मध्ये आला. कचरा उचलायला सुरुवात झाली की सगळं थांबणार, शंभर-दोनशे मिलिसेकंद. स्क्रोल करताना प्रत्येक ओळीसाठी नवा व्ह्यू बनवलात तर यादी ठेचकाळतच चालते. म्हणून जुनी ओळ परत वापरायची. आज हे आयतं मिळतं.

आमचा एम्युलेटर खोटारडा नव्हता, आळशी होता. एआरएम प्रोसेसर खरोखर नकलायचा, सुरू व्हायलाच काही मिनिटं. त्यामुळे त्याच्यावर ॲप रखडलं तरी वाटायचं, एम्युलेटरच तो, फोनवर पळेल. उलट्या दिशेने फसवणूक.

माझं मरण आडवं-उभं करण्यात. पडदा फिरला की अँड्रॉइड चालू ॲक्टिव्हिटी (ॲपचा एक पडदा) मोडून नवी बांधतं. मी शहाणपणा करून फोटो एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलेला, पुन्हा उघडायला नको म्हणून. पण तो धरला होता व्ह्यूसकट. व्ह्यू आपल्या ॲक्टिव्हिटीला धरून असतो, म्हणजे जुनी ॲक्टिव्हिटी अख्खीच जिवंत. आता हिशोब करा. ३.२ मेगापिक्सेलचा फोटो, २०४८ गुणिले १५३६, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, झाले साडेबारा एमबी. जुना अजून हातात, नवी ॲक्टिव्हिटी दुसरा उघडणार, आणि हीप सोळाचा.

जी१ वर पडदा फिरायचा तो कीबोर्ड सरकवून उघडला की. म्हणजे माणसाने फोटोखाली काही लिहावं म्हणून कीबोर्ड बाहेर काढला की ॲप मेलं. एम्युलेटरवर आम्ही पीसीच्या कीबोर्डवरून लिहीत होतो. फिरवायची कळ होती, कंट्रोल आणि एफ१२. कुणी दाबली?


अर्धाकच्चा

माझी यादी एम्युलेटरवरच स्क्रोल होत होती. :( फोन चार महिन्यांनी मिळाला. पुढचं विचारू नका.

बाय द वे जुनाखोडकाका, टिपणवहीची सिस फाइल (ॲप फोनवर चढवायची फाइल) द्याल का? एक जुना ई-सिरीज फोन मिळालाय, बघायचंय.


जुनाखोड

व्यक्तिगत निरोपात पाठवली आहे.


अर्धाकच्चा

चढत नाहीये. 'सर्टिफिकेटची मुदत संपली' म्हणतोय.


काठावरपास

फोनची तारीख मागे ने रे. सही झाली त्या वर्षात. चढवून झालं की परत पुढे आण. आम्ही सगळे हेच करायचो.


अर्धाकच्चा

२००८ केलं. चढलं! चालतंय! टिपण लिहिलं, बंद केलं, उघडलं, आहे. चालू ॲपांच्या यादीतूनही बंद होतंय, तपासलं. :) आता तारीख परत आजची केली, आणि टिपण दिसेना.


जुनाखोड

आहे ते. खाली स्क्रोल कर, एकदम तळाशी. यादी तारखेनुसार लावलेली आहे, आणि आजच्या तारखेपर्यंतचे सगळे रिकामे महिने ती मथळ्यासकट दाखवते. कुणी सतरा-अठरा वर्षांनी उघडेल असं वाटलं नव्हतं. हा माझाच बग, एम्युलेटरवरही येतो.